निवड धातू करत नाही

एन्झाइमांपासून प्रेरणा घेतलेल्या धातू-उत्प्रेरकांविषयी एक युक्तिवाद गेली चार दशके जवळपास जसाच्या तसा मांडला जात आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून वेगळा काढलेला मिथायलोकॉकस कॅप्सुलेटस हा जिवाणू ४५ अंश सेल्सियसला, साध्या दाबाखाली, हवेतल्या ऑक्सिजनने मिथेनचे मिथेनॉल करतो. कारखान्याला त्याच कामासाठी आधी ८०० अंशांच्या आसपास मिथेन आणि वाफ यांची अभिक्रिया घडवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळवावे लागतात, आणि मग ५० ते १०० वातावरणांच्या दाबाखाली ते पुन्हा जोडावे लागतात. जिवाणूच्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचे दोन अणू आहेत. त्या दोन अणूंची तशीच मांडणी, तेच शेजारी आणि तेच अंतर प्रयोगशाळेत साधले की तेलविहिरींवर जाळून टाकला जाणारा वायू जागच्या जागी द्रवरूप करता येईल, असे यावरून सांगितले जाते. मिथेनच्या जागी सायक्लोहेक्झेन घेतले किंवा लोहाच्या जागी तांबे, मँगॅनीज घेतले, तरी युक्तिवादाचा सांगाडा तोच राहतो. मला तो खोडायचा आहे. त्यातली निरीक्षणे खरी आहेत. चूक आहे ती निरीक्षणांवरून निष्कर्षावर उडी मारण्यात. हायड्रोकार्बनच्या अनेक बंधांपैकी नेमका एक तोडायचा, तिथे ऑक्सिजनचा एकच अणू बसवायचा आणि तिथेच थांबायचे, ही करामत धातूच्या अणूची नसते. ती त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेची असते: कोण आत येते, काय बाहेर जाते, इलेक्ट्रॉन कधी पोहोचतात आणि तयार झालेला माल पुन्हा त्याच धातूच्या तावडीत सापडू नये म्हणून काय केलेले असते.

खरी अडचण मिथेन तोडण्यात आहे, असा समज या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध चिवट आहे यात शंका नाही. तो तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोजूल लागतात. पण तो तोडणारे कारक रसायनशास्त्राला कधीच दुर्मीळ नव्हते. हायड्रॉक्सिल मूलक साध्या तापमानाला तो तोडतो, आणि वातावरणातला बहुतेक मिथेन याच वाटेने नाहीसा होतो. अडचण त्यापुढची आहे. मिथेनॉल तयार झाले की त्यातला कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ४०२ किलोजूलांवरच तुटतो, म्हणजे ज्या कारकाला मिथेन झेपते त्याला मिथेनॉल आणखी सोपे जाते. वायुरूपात, २५ अंशांना, हायड्रॉक्सिल मूलक मिथेनपेक्षा मिथेनॉलवर सुमारे १४० पट वेगाने तुटून पडतो. एकापाठोपाठ होणाऱ्या दोन अभिक्रियांत दुसरीचा वेग पहिलीच्या दसपट असेल, तर मधल्या पदार्थाचे प्रमाण कधीही ७.७ टक्क्यांवर जात नाही, आणि तिथवर पोहोचेपर्यंत मूळ पदार्थातला जवळजवळ २३ टक्के भाग खर्ची पडलेला असतो. दोन्ही वेग सारखे असले तरी कमाल ३७ टक्केच. दुसरी अभिक्रिया १४० पट वेगवान असेल तर एक टक्काही हाती लागत नाही. उत्प्रेरकाचा वेग हजारपटीने वाढवला तरी हे आकडे जागचे हलत नाहीत, कारण ते वेगावर नाही, वेगांच्या गुणोत्तरावर ठरतात. सौम्य तापमानाचा मुद्दाही इथे उलटा फिरतो. बंधांच्या ताकदीतला फरक सुमारे ३७ किलोजूलांचा आहे. त्यातला निम्मा जरी अभिक्रियेच्या अडथळ्यात उतरला असे धरले, तर ५०० अंशांना मिथेनॉलच्या बाजूचे झुकते माप पंधरा-वीसपटीचे असते, आणि २५ अंशांना ते हजारपटीच्याही पुढे जाते. तापमान जितके खाली, तितका कमकुवत बंध अधिक ठळकपणे निवडला जातो. खोलीच्या तापमानाला काम करणारा उघडा लोहाणू, दुसरे काही आड येत नसेल, तर भट्टीतल्या धातूपेक्षा कमी निवडक ठरायला हवा. एन्झाइमच्या थंडपणाचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा हिशेब क्वचितच दिसतो.

मग एन्झाइमला हे साधते कसे? पहिला पुरावा असा की निसर्ग एकाच धातुगाभ्याकडून अगदी निरनिराळी कामे करून घेतो. माणसाच्या जनुकसंचात सायटोक्रोम पी-४५० कुळाची ५७ जनुके आहेत. त्या सगळ्या एन्झाइमांचा गाभा एकच: हीमच्या चकतीत बसलेला लोहाणू आणि त्याला खालून धरून ठेवणारा सिस्टीनचा गंधक. ऑक्सिजन बांधल्यावर तयार होणारे जहाल मध्यस्थ रूपही तेच. ते पकडून त्याचे मोजमाप करण्यात २०१० साली रिटल आणि ग्रीन यांना यश आले. असे असूनही यकृतातले एक पी-४५० वापरातल्या जवळपास निम्म्या औषधांवर काम करते, तर दुसरे टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करण्यापुरतेच राखलेले आहे. हाच लोहाणू कापरावर जगणाऱ्या स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूत पाहावा. तिथे कापराचा रेणू टायरोसिनच्या एका हायड्रोजन-बंधाने खोबणीत असा लटकवलेला असतो की त्याचा पाचव्या क्रमांकाचा कार्बन, आणि त्यावरचाही एकाच बाजूचा हायड्रोजन, लोहासमोर येतो. ऑक्सिजन तिथेच बसतो. हायड्रोजन कोणता तुटणार हे रेणू कसा टांगला आहे यावर ठरले. लोहाला त्यात मत नव्हते. दोन लोहाणूंच्या गाभ्याची गोष्टही अशीच. तो मिथेन मोनोऑक्सिजिनेजमध्ये मिथेनला ऑक्सिजन जोडतो, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजमध्ये टायरोसिनचा मूलक तयार करतो, आणि वनस्पतींच्या डिसॅच्युरेजमध्ये स्निग्धाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध घालतो. निवड धातू करत असता तर ही तिन्ही कामे तिन्ही ठिकाणी थोडीथोडी झालेली दिसली असती.

मिथेनचे एन्झाइम जवळून पाहिले तर व्यवस्थेचा पसारा कळतो. विद्राव्य मिथेन मोनोऑक्सिजिनेज हे एक प्रथिन नसून तीन प्रथिनांचा संच आहे. ज्याची स्फटिकरचना रोझेनझ्वाइग, लिपार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली ते लोहाचे प्रथिन, त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे दुसरे, आणि स्वतः काहीच न तोडणारे तिसरे, नियंत्रक प्रथिन. हे तिसरे येऊन चिकटले की लोहाशी ऑक्सिजनची गाठ पडण्याचा वेग सुमारे हजारपटीने वाढतो आणि आत जाणाऱ्या वाटेचे रूपही बदलते. प्रयोगशाळेतल्या बहुसंख्य नकलांत या तिसऱ्या प्रथिनाच्या जागी काहीही नसते. तांब्यावर चालणाऱ्या, पटलात रुतलेल्या दुसऱ्या मिथेन-एन्झाइमची अवस्था आणखी बिकट आहे. २००५ साली त्याची पहिली रचना आली तेव्हा तांब्याची जोडी हेच क्रियास्थान मानले गेले आणि जोडतांब्याची असंख्य संयुगे त्या आधारावर बनली. २०१९ साली वर्णपटांच्या पुराव्यावरून तिथे जोडी नसून एकेकटे तांबे असल्याचे दाखवण्यात आले, आणि मिथेन नेमके कुठे ऑक्सिडीकृत होते याचा वाद त्यानंतरही मिटलेला नाही. ज्या गाभ्याची नक्कल करायची तोच पक्का नसताना नकलेला यश कशाच्या तुलनेत म्हणायचे?

जिवाणूचा जमाखर्च मांडला तर युक्तिवाद पुरता कोलमडतो, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. मिथेनच्या प्रत्येक रेणूमागे एन्झाइमला ऑक्सिजनचा एक रेणू तर लागतोच, शिवाय एनएडीएच या क्षपणकाचा एक रेणूही मोजावा लागतो. ऑक्सिजनच्या दोन अणूंपैकी एकच मिथेनॉलमध्ये जातो. दुसऱ्याचे पाणी होते, आणि ते पाणी करण्यासाठीच हा क्षपणक जळतो. हा क्षपणक येतो कुठून? मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइडचे फॉर्मेट, फॉर्मेटचा कार्बन डायऑक्साइड, या पुढच्या पायऱ्यांतून. फॉर्माल्डिहाइडचा काही हिस्सा पेशीच्या बांधणीला जातो आणि उरलेला जाळून पुढच्या मिथेनचा खर्च भागवला जातो. जिवाणूला मिथेनॉल साठवायचे नसते. ते तयार होताक्षणी शेजारचे एन्झाइम उचलून नेते. म्हणूनच जिवाणूकडून मिथेनॉल मिळवू पाहणाऱ्यांनी पुढची पायरी रोखली की पेशींचा क्षपणक आटतो आणि बाहेरून फॉर्मेट घालून तो पुरवावा लागतो. निसर्ग मिथेनपासून साध्या तापमानाला मिथेनॉल बनवतो हे विधान असे अर्धेच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग असा की त्यासाठी त्यातल्या मोठ्या हिश्श्याचा कार्बन डायऑक्साइड करावा लागतो, आणि कारखान्याला टाळायचे असते ते नेमके हेच.

नकलांचा इतिहास हीच साक्ष देतो. १९७९ साली जॉन ग्रोव्ह्स आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या पॉर्फिरिनला आयोडोसिलबेंझिन देऊन सायक्लोहेक्झेनला हायड्रॉक्सिल गट बसवून दाखवला. ते काम खरे होते, अभिक्रियेची वाटही पी-४५०शी जुळणारी होती, आणि त्या वाटेबद्दल आज आपल्याला जे कळते त्याचा पाया तिथेच घातला गेला. पण प्रथिनाच्या आवरणाबाहेरचे पॉर्फिरिन स्वतःलाच ऑक्सिडीकृत करून संपत होते. त्यावर तोड म्हणून हॅलोजन लावलेली पॉर्फिरिने आली. अमेरिकेतल्या सन कंपनीत लायन्स आणि एलिस यांनी ती वापरून, कोणताही क्षपणक न घालता, नुसत्या हवेने आयसोब्यूटेनचे टर्शरी ब्यूटेनॉल केले, आणि निसर्गाच्याही पुढे गेल्याचे बोलले गेले. १९९४ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या लॅबिंजर, ग्रे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ते पॉर्फिरिन हायड्रोपेरॉक्साइड फोडण्याचे काम करते. बाकी सारी अभिक्रिया मुक्त मूलकांच्या जुन्याच साखळीने चालते. नोबेलविजेते डेरेक बार्टन यांनी पॅरिसजवळच्या गिफ गावी शोधलेली लोह, जस्त, पिरिडीन आणि अॅसेटिक आम्ल यांची पद्धत मूलकांशिवाय चालते असा दावा होता. त्याभोवती दशकभर निबंध लिहिले गेले. १९९६ साली पर्किन्स यांनी तिची कसून छाननी केली, आणि पुढच्या वर्षी इंगोल्ड, वेनर व त्यांच्याबरोबर या क्षेत्रातलेच अग्रणी लॉरेन्स क्यू यांनी एन्झाइमसारख्या समजल्या गेलेल्या एका लोहसंयुगात बेमालूम दडलेले मूलक उघडे पाडले. आपल्याच क्षेत्रातल्या पद्धतीची अशी तपासणी करून ती छापणे याबद्दल मला क्यू यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

ही तपासणी करायला महागडे उपकरण लागत नाही. सायक्लोहेक्झेनच्या अभिक्रियेतला थोडा द्रव कुपीत घेऊन थेट गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडला तर कागदावर दोन शिखरे दिसतात, सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन, बहुधा जवळपास सारख्या उंचीची. त्याच कुपीत ट्रायफिनाइलफॉस्फिनची पांढरी चिमूट टाकून काही मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सोडायचे. अल्कोहोलचे शिखर चढलेले आणि कीटोनचे घसरलेले दिसले, तर मूळ द्रवात सायक्लोहेक्झिल हायड्रोपेरॉक्साइड होते आणि पहिल्या वेळी ते यंत्राच्या तापलेल्या तोंडाशी फुटून दोन्ही शिखरांत वाटले गेले होते, हे स्पष्ट होते. मॉस्कोच्या गेओर्गी शुल्पिन यांनी ही साधी रीत वर्षानुवर्षे आग्रहाने मांडली. हायड्रोपेरॉक्साइड सापडणे म्हणजे कार्बनचा मूलक धातूपासून सुटून हवेतल्या ऑक्सिजनला मिळाला. एन्झाइममध्ये तो सुटत नाही. लोहाच्या ऑक्सिजनशी त्याचा तिथल्या तिथे मेळ होतो. ही चिमूट न टाकता छापलेले अल्कोहोल-कीटोनचे गुणोत्तर मला पुरावा म्हणून ग्राह्य वाटत नाही.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो: मूलक असोत वा नसोत, उत्पादन मिळाले की झाले, वाटेची चौकशी हवी कशाला? ती हवी, कारण मूलकांच्या साखळीबरोबर तिची मर्यादाही आपल्या वाट्याला येते. नायलॉनच्या कच्च्या मालासाठी कारखान्यांत सायक्लोहेक्झेन कोबाल्टच्या क्षारांबरोबर १५० ते १६० अंशांना हवेने ऑक्सिडीकृत करतात, आणि रूपांतर चार ते सहा टक्क्यांवर थांबवतात. पुढे गेले तर माल जळू लागतो. उरलेले ९४-९६ टक्के सायक्लोहेक्झेन पुन्हा फिरवावे लागते. याचा अर्थ काय होतो ते १ जून १९७४ रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला दिसले. तिथे एकापुढे एक सहा भांडी होती. पाचव्याला चीर गेली म्हणून ते काढून चौथे आणि सहावे वीस इंची तात्पुरत्या नळाने जोडले होते. तो नळ फुटला. सायक्लोहेक्झेन ८१ अंशांना उकळते. इथे ते दाबाखाली १५५ अंशांना द्रवरूपात कोंडलेले होते. सुटताच त्याचा ढग झाला आणि पेटला. २८ माणसे मेली. तो शनिवार होता आणि कचेऱ्या बंद होत्या, नाहीतर बळी कितीतरी वाढले असते. नळाची रचना सदोष होती हे चौकशीत निघाले, पण सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी त्यामागचे कारण दाखवले: एवढा ज्वालाग्राही साठा तिथे होता, कारण प्रत्येक फेरीत फारच थोडे रूपांतर होत होते. निवडक उत्प्रेरकाची गरज मी नाकारत नाही. ती मला इतकी निकडीची वाटते की मूलकांच्या जुन्याच साखळीला एन्झाइमचे नाव देऊन ती भागल्याचे सांगणे मला सहन होत नाही. नावाने रूपांतराची मर्यादा वाढत नाही आणि साठाही कमी होत नाही.

अधिक वजनदार आक्षेप तांब्याच्या झिओलाइटांचा आहे. २००५ साली बेल्जियमच्या गटाने दाखवले की ऑक्सिजनने तापवलेल्या तांबे-झिओलाइटवर मिथेन सोडले की मिथेनॉल मिळते, आणि पुढे नव्वद टक्क्यांहून अधिक निवडकपणाचे आकडे आले. हे तर तांब्याच्या एन्झाइमचे अकार्बनी रूपच, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. ही प्रक्रिया चालते कशी ते पाहावे. झिओलाइट साडेचारशे अंशांच्या आसपास ऑक्सिजनमध्ये तापवायचा, दोनशेपर्यंत निववायचा, मिथेन द्यायचे, मग वाफेने किंवा पाण्याने मिथेनॉल धुऊन काढायचे, आणि पुन्हा तापवायचा. एका फेरीत ग्रॅममागे साधारण १०० ते २०० मायक्रोमोल मिळतात. म्हणजे टनभर झिओलाइटमागे ३.२ ते ६.४ किलो मिथेनॉल. आजचा मोठा कारखाना दिवसाला ५,००० टन मिथेनॉल बनवतो. दिवसाला दहा फेऱ्या झाल्या असे धरले तरी त्यासाठी ऐंशी हजार ते दीड लाख टन झिओलाइट दररोज दहा वेळा तापवून निववावा लागेल. आणि तो नव्वद टक्के निवडकपणा येतो कुठून? मिथेनचा अवशेष पृष्ठभागाला मेथॉक्सी रूपात चिकटून राहतो आणि पाणी येईपर्यंत मिथेनॉल जन्मालाच येत नाही. जे नाही ते जळणार कसे? श्रेय इथेही तांब्याच्या मांडणीपेक्षा माल लपवून ठेवण्याला आणि पायऱ्या वेगळ्या करण्याला जाते. माझ्या विरोधात मांडलेला हा पुरावा माझ्याच बाजूने बोलतो.

एन्झाइमाकडे न पाहता मिळालेल्या यशांतही तेच सूत्र सापडते. कॅलिफोर्नियातल्या कॅटॅलिटिका कंपनीत पेरियाना आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्लॅटिनमच्या संयुगाने, २२० अंशांच्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात, मिथेनपासून सत्तर टक्क्यांहून अधिक उत्पादन मिळवले. मिथेनॉल तिथे मिथिल बायसल्फेटच्या रूपात बांधले गेल्यामुळे प्लॅटिनमला त्याच्यावर पुन्हा हल्ला करणे जड जात होते. आम्लातून मिथेनॉल सोडवणे परवडेना म्हणून ती पद्धत कारखान्यापर्यंत गेली नाही, पण निवडकपणाचे कोडे तिने सोडवले होते. त्याहून बोलके उदाहरण टेरेफ्थॅलिक आम्लाचे. पॉलिएस्टरचा हा कच्चा माल जगात दरवर्षी कोट्यवधी टन बनतो, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही बनतो. कोबाल्ट, मँगॅनीज आणि ब्रोमाइड घालून अॅसेटिक आम्लात पॅराझायलिन हवेने ऑक्सिडीकृत करायचे. वाट मुक्त मूलकांची, आणि तरी उत्पादन ९५ टक्क्यांवर. कारण तयार झालेल्या आम्लात मूलकाला सहज तोडता येईल असा बंधच उरत नाही, शिवाय ते विरघळलेले न राहता स्फटिक होऊन खाली बसते. मूलक स्वभावतः बेभान असतात आणि एन्झाइमसारखा धातू स्वभावतः शिस्तीचा, ही विभागणी या एका प्रक्रियेपुढे टिकत नाही.

ऑक्सिडीकारकाच्या किमतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण नकलांपैकी बहुतेक हवा वापरत नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. मिथेनॉलचा रेणुभार ३२, पेरॉक्साइडचा ३४. एकही रेणू वाया गेला नाही तरी किलोभर मिथेनॉलला किलोहून जास्त पेरॉक्साइड लागणार, आणि पेरॉक्साइड मिथेनॉलपेक्षा महाग आहे. तो बनतो हायड्रोजनपासून, हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून, म्हणजे ज्या उच्च तापमानाच्या प्रक्रियेला बगल द्यायची होती तीच मागच्या दाराने आत येते. २०२० साली चीनमधल्या गटाने सोने-पॅलेडियमभोवती पाणी दूर सारणारे झिओलाइटचे कुंपण घालून, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून आतल्या आत पेरॉक्साइड बनवून, १७.३ टक्के रूपांतराला ९२ टक्के निवडकपणा गाठला. उत्तम काम आहे, आणि त्याचेही श्रेय कुंपणाला आहे. हायड्रोजनचा खर्च मात्र तसाच उभा आहे. पेरॉक्साइड जिथे परवडला तिथे कारखाने उभे राहिले. इटलीत शोधलेला टायटॅनियम सिलिकॅलाइट प्रोपिलिनपासून प्रोपिलिन ऑक्साइड करतो; २००८ पासून कोरियात उल्सान आणि बेल्जियममध्ये अँटवर्प इथे त्यावर मोठे कारखाने चालू झाले. तिथे उत्पादनाचा रेणुभार ५८, त्यामुळे किलोमागे पेरॉक्साइड ६०० ग्रॅमच्या आत, आणि माल मिथेनॉलहून किमती. टायटॅनियम कोणत्याही एन्झाइमने या कामासाठी वापरलेला नाही. एन्झाइमपासून त्याने काही घेतले असेल तर ती एकेका अणूला वेगळे ठेवणारी, पाण्याला दूर ठेवणारी अरुंद पोकळी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने टायटॅनियमच्या या सिलिकेटांवर दीर्घकाळ काम केले, आणि त्यांनी व रॉबर्ट राजा यांनी १९९७च्या सुमारास तांब्याचे थॅलोसायनीन झिओलाइटच्या पिंजऱ्यात कोंडून हायड्रोकार्बनांच्या ऑक्सिडीकरणासाठी वापरले. धातूइतकेच लक्ष पिंजऱ्याकडे देणारी ही दिशा मला योग्य वाटते.

शेवटचा आक्षेप असा की मी एका सबंध क्षेत्रावर काट मारत आहे. तसे नाही. लोहाच्या नकलांना जागा आहे, फक्त ती तेलविहिरीवर नाही. क्यू यांच्या गटाने १९९७ साली पेरॉक्साइड आणि लोहाच्या संयुगाने अल्केनचा बंध, त्याची अवकाशातली ठेवण न बिघडवता, ऑक्सिडीकृत केला. २००७ साली इलिनॉय विद्यापीठातल्या क्रिस्टिना व्हाइट आणि मार्क चेन यांनी अशाच लोहसंयुगाने आर्टेमिसिनिनसारख्या नाजूक, मलेरियावरच्या औषधाच्या रेणूत ठरावीक जागी हायड्रॉक्सिल बसवला, त्यातला पेरॉक्साइड-सेतू न मोडता. इथे ग्रॅमभर मालाचे मोल इतके आहे की पेरॉक्साइडचा खर्च नगण्य, आणि रेणू स्वतःच गटागटांनी सजलेला असल्याने कोणता बंध पुढे येणार हे बरेचसे त्याच्या घडणीवरून सांगता येते. पुढे स्पेनमधल्या जिरोनाच्या मिकेल कोस्तास यांच्या गटाने फ्लोरिनयुक्त अल्कोहोल द्रावक म्हणून घेतले. त्याचे हायड्रोजन-बंध तयार झालेल्या अल्कोहोलला वेढतात आणि पुढचे ऑक्सिडीकरण थोपवतात. धातू तोच, नुसता द्रावक बदलला आणि निवडकपणा वाढला. मूलभूत संशोधनाला फळाची घाई करू नये हेही मला मान्य आहे. पी-४५०च्या अभ्यासाने औषधे शरीरात कशी मोडतात हे कळले, तेवढ्यावरही तो सार्थकी लागला असता. माझी तक्रार संशोधनाविरुद्ध नाही, अनुदानाच्या अर्जात आणि निबंधाच्या सुरुवातीला छापल्या जाणाऱ्या मिथेनच्या आश्वासनाविरुद्ध आहे. ते आश्वासन ज्याला द्यायचे असेल त्याने रूपांतर एक टक्क्याच्या आत असताना मोजलेला निवडकपणा पुढे करू नये. तिथे तर प्रत्येक उत्प्रेरक निवडक दिसतो, कारण जाळायला माल साचलेलाच नसतो. त्याने किती मोल ऑक्सिडीकारक खर्चून किती मोल उत्पादन झाले ते द्यावे. आणि एक प्रयोग जास्तीचा करावा: मिथेनबरोबर सुरुवातीलाच, शेवटी अपेक्षित आहे तेवढे मिथेनॉल भांड्यात घालावे, ते कार्बन-१३ने खूण केलेले असावे, आणि अभिक्रिया संपल्यावर त्यातले किती शिल्लक राहिले तो आकडा निबंधाच्या पहिल्याच तक्त्यात छापावा.